हलकं लिनक्स आणि खैरातची शाळा

मित्रहो, मागच्या खेपेला एकानं विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस लिनक्सवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण 'आवश्यक काय आणि अनावश्यक काय' हा तर आमचा जुना धंदा. हलकी लिनक्स प्रणाली बांधणारा माणूस नेमकं हेच ठरवत असतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९९५च्या सुमारास ब्रूस पेरेन्स यांना डेबियन लिनक्सची अख्खी सुरुवात एका फ्लॉपीत, म्हणजे १.४४ मेगाबाइटमध्ये बसवायची होती. त्यांनी अनेक छोट्या आज्ञा एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबल्या. त्याचं नाव बिझीबॉक्स. पुढे २००३ साली फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसानं क्यूएमू आणलं. हा इम्युलेटर, म्हणजे तुमच्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक आहे असा हुबेहूब आभास उभा करणारा प्रोग्रॅम. प्रणालीची सगळी डिस्क एका फाइलमध्ये भरायची, तिला इमेज म्हणायचं, आणि ती या आभासी यंत्रात सुरू करून बघायची. बिघडली तर फाइल पुसा, नवी करा. खरं यंत्र शाबूत!

आता महाराष्ट्रात येऊ. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही योजना आठवते? केंद्राच्या शिक्षण खात्यानं २००६ साली तिला नकार दिला होता. तरी २००७मध्ये रायगड जिल्ह्यात खैरात इथल्या धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत तिचा प्रयोग सुरू झाला. एक शिक्षक, पहिली ते चौथीची वीस-बावीस मुलं. प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा लॅपटॉप. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ मेगाबाइट, साठवण फक्त १ गिगाबाइट. आत फेडोरा लिनक्सची कापून-छाटून केलेली आवृत्ती आणि वर 'शुगर' नावाचा मुलांसाठीचा पडदा.

हा लॅपटॉप सगळ्याच प्रोग्रॅमरांकडे कुठून असणार? म्हणून त्याच्या इमेज क्यूएमूत चालवून बघायची सोय होती. आभासी यंत्राला २५६ मेगाबाइटच मेमरी द्यायची, की कुठे अडतं ते कळतं. उत्तम सोय, पण ती फसवीही होती. मेमरी आवळता येते, वेग तसा आवळता येत नाही. तो बाहेरच्या दणकट संगणकावर अवलंबून असतो. शुगर बरंचसं पायथनमध्ये लिहिलेलं. खऱ्या लॅपटॉपवर एकेक काम उघडायला ते वेळ घेई. शिवाय लॅपटॉपमध्ये फ्लॅश साठवण, तिची फाइल-पद्धतच वेगळी. इम्युलेटरच्या इमेजमध्ये ती नव्हती. आणि भर उन्हात वाचता येणारा तो पडदा, त्या लहान बोटांसाठीचा कळफलक? त्यांची परीक्षा वर्गातच व्हायची.

मी स्वतः बिबवेवाडीत घरी बसून नातवाच्या मदतीनं अशी एक इमेज बांधली. नको ते काढता काढता मराठी फॉन्टच काढून टाकला! प्रणाली झकास सुरू झाली, फक्त देवनागरीच्या जागी चौकोन. आमच्या यादीत फॉन्ट 'अनावश्यक' ठरला होता.

तेव्हा सांगायचं ते एवढंच. काय गाळायचं हे ठरवणाऱ्यानं, ते कोणासाठी गाळतोय हे आधी विचारावं. आभासी यंत्र चूक स्वस्त करतं, म्हणून ते वापराच. पण निकाल द्यायचा हक्क वर्गातल्या त्या मुलाचा.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.