अंगठ्याचे दुखणे : हातातल्या खेळयंत्रांचा एक उपेक्षित इतिहास

मराठीत 'अंगठेबहाद्दर' हा शब्द निरक्षर माणसासाठी वापरला जातो. सही येत नाही म्हणून शाई लावलेला अंगठा कागदावर टेकवणारा तो अंगठेबहाद्दर. शब्दात कुचेष्टा उघड आहे. बहादुरी गाजवायची ती अंगठ्याने, कारण लेखणी धरणे जमत नाही. वऱ्हाडातील जुन्या सावकारी आणि महसुली कागदांच्या तळाशी 'निशाणी अंगठा' अशी नोंद आणि तिच्याशेजारी तो काळपट ठसा आढळतो. हा अंगठा बहुधा डाव्या हाताचा असे, म्हणजे ज्या हाताला कामातही दुय्यम स्थान होते त्याचा. गेल्या चार दशकांत या शब्दाचा अर्थ उलटावा अशी परिस्थिती निर्माण झाली आहे. आज उत्तम लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाचा अंगठा हाच त्याच्या हाताचा सर्वांत तरबेज अवयव आहे. जपानात तर मोबाईलबरोबर वाढलेल्या पिढीला 'अंगठ्याची पिढी' असेच नाव पडले.

हातात धरून खेळायच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा इतिहास सहसा यंत्रांचा म्हणून सांगितला जातो : कोणते केव्हा आले, किती खपले, पडदा केव्हा रंगीत झाला. ते यंत्र धरणारा हात त्यात क्वचितच येतो, आणि त्या हाताचे दुखणे तर जवळजवळ नाहीच. प्रस्तुत लेखाचा विषय ते दुखणे हा आहे. आणि त्याहून अधिक, ते दुखणे सांगण्याची चोरी का वाटते, हा आहे.

खेळताना दुखणे ही काही नवी गोष्ट नव्हे. अमरावतीत राहणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने खेळ आणि व्यायाम ही गोष्ट शास्त्रासारखी शिकवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. आखाड्याच्या या परंपरेत हात आणि मनगट यांचा विचार फार बारकाईने झालेला दिसतो. मल्लखांबाला एरंडेल चोळायचे, म्हणजे कातडी सोलवटत नाही. आखाड्याच्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ राखायची. जोर मोजून काढायचे, नंतर मालीश करायचे, आणि उस्तादाने थांब म्हटले की थांबायचे. पकड कमावण्यासाठी मुद्गल, करेला. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांचा झाला, यावरून या विद्येचा पसारा ध्यानात यावा. मुख्य मुद्दा असा की आखाड्यात दुखण्याला जागा होती. मनगट लचकले तर ते चारचौघांत सांगता येत असे. किंबहुना पट्टी बांधून मिरवताही येत असे.

आखाड्याबाहेरचे हाताचे खेळ याहून हलके. सागरगोटे किंवा गजगे खेळणाऱ्या मुलीचा हात सतत उघडतो आणि मिटतो. गोटी मारताना बोट ताणले जाते आणि लगेच मोकळे होते. विटी-दांडूत तर खांद्यापर्यंत सगळा हात कामाला लागतो. यांपैकी एकाही खेळात हात तासभर एकाच स्थितीत गोठून राहत नाही. यंत्राच्या बाबतीत नेमके हेच घडले. चार बोटे यंत्राला मागून आधार देत निश्चल राहतात आणि अंगठा मात्र थांबत नाही. निश्चलता आणि अतिचलन एकाच तळहातावर एकत्र येणे, हा हाताच्या इतिहासातील तसा नवा प्रसंग होता. आकसून राहिलेल्या स्नायूतून रक्त नीट खेळत नाही, म्हणून यंत्र हलके असले तरी हात भरून येतो.

या प्रसंगाचा जनक म्हणून जपानच्या निंटेंडो कंपनीतील गुनपेई योकोई यांचे नाव घ्यावे लागते. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार गणकयंत्राची बटणे चाळवत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यातून खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, अशी हकिकत सांगितली जाते. १९८० मध्ये त्यांचे 'गेम अँड वॉच' बाजारात आले. गणकयंत्राचाच पडदा, घड्याळाची बटणासारखी बॅटरी, आणि दोन्ही हातांत मावणारी चपटी डबी. स्वस्त झालेल्या, जुन्या पडलेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधणे हे योकोईंचे सूत्रच होते. हकिकत खरी मानली तर तिच्यातील एक तपशील महत्त्वाचा आहे : तो नोकरदार खेळत होता पण लपून, शेजाऱ्याच्या लक्षात येऊ नये असा. हातात मावणारा खेळ जन्मतःच गुपचूप खेळायचा खेळ होता.

१९८२ च्या 'डाँकी काँग' या दोन पडद्यांच्या यंत्रावर योकोईंनी डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखी एक चकती बसविली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे या चारही दिशा एका अंगठ्याखाली आल्या. मोठ्या यंत्रावरची दांडी खिशात मावत नव्हती, म्हणून ही युक्ती. शतकानुशतके लेखणीपासून दूर राहिलेल्या डाव्या अंगठ्याला अचानक दिशादर्शनाचे काम मिळाले. मला हा क्षण लेखनसाधनांच्या इतिहासातील बोरूकडून टाकाकडे झालेल्या बदलाइतकाच मोलाचा वाटतो. कोणाला ही अतिशयोक्ती वाटेल, पण जगभरच्या कोट्यवधी मुलांच्या हाताची सवय त्या एका चकतीने बदलली, हे नाकारता येणार नाही.

पुढे १९८९ मध्ये 'गेम बॉय' आला. चार पेन्सिल-सेल धरून वजन सुमारे ३०० ग्रॅम, आकार उभट, विटकरीसारखा. त्याच वर्षी अटारी कंपनीने आणलेले 'लिंक्स' हे यंत्र त्याहून बरेच मोठे होते. त्याच्या रचनाकारांनी नंतर सांगितले की चाचणीच्या वेळी लोकांना थोरले यंत्र हवेसे वाटले, म्हणून आत मोकळी जागा ठेवून कवच वाढविण्यात आले. पैशाच्या मानाने वस्तू भरीव दिसावी हा हिशेब. हाताला ती पेलेल का, हा प्रश्न त्या हिशेबात मागे पडला. मात्र याच 'लिंक्स'ची एक गोष्ट आवर्जून नोंदवावी अशी : ते उलटे धरून खेळता येत असे, म्हणजे डावखुऱ्यांचा विचार त्यात होता. फळ्यावर डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला टोकणाऱ्या आपल्या शाळांनी एवढेही केले नाही.

२००३ चा 'गेम बॉय अॅडव्हान्स एसपी' मिटला की खिशात सहज जाई, पण उघडल्यावर मोठ्या माणसाच्या बोटांना त्यावर जागा पुरत नसे. खिसा आणि हात यांच्या भांडणात बहुतेक वेळा खिसाच जिंकला आहे. अलीकडे पारडे फिरले, तर प्रश्नही फिरला. २०१७ चे 'स्विच' बाजूच्या नियंत्रकांसह सुमारे ४०० ग्रॅमचे, २०२२ चे 'स्टीम डेक' सुमारे ६७० ग्रॅमचे. आता मूठ ठेवायला उंचवटे आहेत, पकड सुखाची आहे, परंतु पाऊण शेर वजन तासभर अधांतरी धरायचे आहे.

ही यंत्रे वऱ्हाडातील सामान्य घरात फारशी आली नाहीत. आमच्या वाट्याला आला तो 'ब्रिक गेम'. १९९० च्या दशकात अमरावती-अकोल्याच्या बाजारांत ही चिनी बनावटीची डबी मिळू लागली. तिच्यावर '९९९९ इन १' असे लिहिलेले असे; प्रत्यक्षात मॉस्कोच्या अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये रचलेल्या 'टेट्रिस'ची आणि आणखी चार-दोन खेळांचीच ती रूपे. विटा पडत राहत, वेग वाढत राही, आणि रबरी बटणे इतकी ताठ की अंगठ्याच्या पेरावर लाल वळ उठे. एक डबी, तीन-चार भावंडे आणि सेल संपण्याची भीती. त्यामुळे प्रत्येकाच्या हाताला आपोआप विश्रांती मिळे. टंचाईनेच उस्तादाचे काम केले म्हणा ना. पुढे नोकियाच्या फोनमधील साप आला. १९९७ मध्ये ६११० या फोनबरोबर आलेला हा खेळ २००३ च्या ११०० या स्वस्त फोनमधून खेडोपाडी पोहोचला. आमच्यापैकी अनेकांनी तो एका हाताने, एका अंगठ्याने, एसटीच्या दांडीला दुसरा हात धरून खेळला आहे.

आता नावांविषयी. साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासात सर्वांत बोलका वाटावा असा भाग हाच आहे.

अंगठ्याला वर आणि बाहेर खेचणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच ती हालचाल वारंवार झाली की बोगद्याचे अस्तर जाड होते, आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकविले की जीव कळवळतो. स्वित्झर्लंडचे शल्यवैद्य फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले. त्याच सुमारास इंग्रजी शरीरशास्त्राच्या पुस्तकात तो 'धोबिणीची लचक' म्हणून ओळखला जात होता, कारण पिळे पिळून पिळून तो तिला होई. विसाव्या शतकाच्या शेवटी अंगठ्याच्या दुखण्यांना खेळयंत्राचे नाव चिकटले, मग 'ब्लॅकबेरी' फोनचे, मग तान्हे मूल उचलणाऱ्या आईचे. हाडे-कंडरा त्याच, नाव बदलते ते दुखणे कोणाचे आहे त्यावरून.

कामाच्या दुखण्याला न्याय उशिरा का होईना मिळाला. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३ मध्ये आपल्या ग्रंथाच्या वाढविलेल्या आवृत्तीत लेखनिकांच्या रोगाची तीन कारणे दिली : सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. 'लेखनिक' हा शब्द काढून तेथे 'खेळाडू' घातला तरी वाक्याला कोठे धक्का लागत नाही. आपल्याकडच्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक पाठ मोडल्याची, मान वाकल्याची तक्रार करतो आणि एवढ्या कष्टाने लिहिलेला ग्रंथ जपा असे विनवितो. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळा जमविल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध झाले, ते आमच्याच जिल्ह्यातले. पिढ्यान्‌पिढ्या महानुभावांनी हाताने पोथ्या उतरविल्या. त्या हातांचे दुखणे ग्रंथाच्या पावित्र्यात मिसळून गेले. ब्रिटनमध्ये तारयंत्र चालविणाऱ्यांच्या हाताला येणारे पेटके १९०८ मध्ये नुकसानभरपाईस पात्र ठरले.

खेळाचे दुखणे मात्र विनोद म्हणून वैद्यकात शिरले. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रतिष्ठित नियतकालिकात १९८१ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स मनगट' आणि १९९० मध्ये 'निंटेंडिनायटिस' अशा शीर्षकांची छोटी पत्रे छापून आली. दुसऱ्यातील रुग्ण ३५ वर्षांची स्त्री होती. सलग पाच तास खेळून तिचा अंगठा दुखावला होता. तिचे यंत्र दूरचित्रवाणीला जोडायचे होते, पण चकती तीच आणि अंगठाही तोच. नाव वाचून आजही हसू येते. हसू आले की विषय संपतो, ही खरी अडचण आहे. अपवाद एकच ठळकपणे आठवतो. 'मारिओ पार्टी' या खेळात दांडी इतक्या वेगाने फिरवावी लागे की मुले ती तळहाताने घासत. हाताला फोड आले, पालकांनी तक्रारी केल्या, आणि २००० मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने हातमोजे देऊ केले. फोड दिसतो. कंडरेची सूज दिसत नाही.

मराठीत या दुखण्याला स्वतंत्र नाव नाही, परंतु क्रियापदे किती आहेत पाहा : हात अवघडतो, भरून येतो, मुंग्या येतात, पेटके येतात, कळ जाते, चमक निघते, ठणकते. ही सारी शब्दसंपत्ती कष्टकऱ्यांच्या हाताने घडविली आहे. कापसाची वेचणी किलोवर असते, म्हणून बाई हात थांबवत नाही. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना बोचतात आणि ती बोटांना चिंध्या बांधते. तिच्या बोटांच्या दुखण्यालाही वैद्यकाने कोठले लाडके नाव दिलेले नाही. आज तिच्याच घरातला मुलगा मोबाईलवर खेळताना बोटांना कापडी टोपणे घालतो; घामाने बोट काचेवर अडखळू नये म्हणून ती विकत मिळतात. मायलेकांच्या बोटांवरच्या या दोन चिंध्या एकाच मापाच्या आहेत असे मी म्हणणार नाही. तिला पर्याय नाही, त्याला आहे. तरीही दुखणे दुखणेच असते.

मोबाईलने एक गोष्ट आणखी बिघडवली. चकतीचे बटण दाबले की ते खाली जाई आणि अंगठ्याला उत्तर मिळे. काच उत्तर देत नाही, म्हणून बोट गरजेपेक्षा अधिक दाबते. 'पब्जी'वर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली, २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार आला. दरम्यान मुलांनी दोन्ही तर्जन्या वाकवून काचेवर टेकवायची, पंज्यासारखी एक पकड आत्मसात केली होती. यंत्राला मूठ नाही, म्हणून हातानेच यंत्राचा आकार घेतला. निंटेंडोच्या माहितीपत्रकात निदान तासाला दहा-पंधरा मिनिटे थांबण्याची सूचना असे, हात दुखला तर काही तास खेळू नका असेही असे. ती कोणी वाचत नसे हा भाग वेगळा.

महाविद्यालयात शिकविणाऱ्यांना याचा एक बारीक प्रत्यय येतो. तीन तासांचा पेपर लिहिताना तासाभरातच पेन ठेवून अंगठ्याचे मूळ चोळणारी मुले अलीकडे प्रत्येक खोलीत दिसतात. का रे, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : 'सर, रात्रभर नोट्स लिहिल्या.'