वाट बांधणाऱ्यांची नावे

चैत्र लागला की धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पायी निघालेले जथे मालेगाव, देवळा, कळवणच्या रस्त्यांनी सप्तशृंग गडाकडे सरकू लागतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर चैत्रोत्सव असतो. ऊन डोक्यावर, डांबर पायाखाली, खांद्यावर निशाण आणि तोंडी देवीचा जयजयकार. वाटेवरच्या गावांत कुणी पाण्याचे माठ भरून ठेवतो, कुणी चहा देतो, कुणी रात्रीसाठी मंडप उभारतो. यात्रेकरू देवीचे दर्शन घेऊन परततात. त्यांना तिथवर पोचवणारी व्यवस्था कुणी उभी केली, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न विचारायला हवा, कारण इथला देव बहुधा डोंगरावर आहे. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार, उत्तरेला सातमाळा आणि सेलबारी-डोलबारीच्या रांगा. सप्तशृंगी, ब्रह्मगिरी, अंजनेरी, मांगी-तुंगी, त्रिरश्मी ही सगळी स्थाने चढण चढूनच गाठावी लागतात. चढणीला पायऱ्या लागतात, पाणी लागते, रात्रीचा निवारा लागतो. भक्तीच्या इतिहासाबरोबर इथे त्या सोयींचाही दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा दगडावर लिहिलेला आहे.

त्याचे सर्वांत जुने पान नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे. पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिरश्मी डोंगरात चोवीस बौद्ध लेणी आहेत. अठराव्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक छोटा लेख आहे. धंभिक नावाच्या गावाने, नासिककरांनी, हे दान दिले असे तो सांगतो. नाशिकचे नाव सापडणाऱ्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. त्यात राजाचे नाव नाही, सरदाराचे नाही. एका गावाचे आहे.

दहाव्या लेण्यात मात्र राजघराण्यातला दाता भेटतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या त्याच्या लेखात दानांची लांबलचक यादी आहे, आणि प्रवास करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती वाचली तर थक्क व्हायला होते. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि नालासोपारा, या ठिकाणी त्याने चौसोपी निवारे बांधले. विहिरी आणि तळी खोदली. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहणुका या नद्यांवर नावेने फुकट उतरण्याची सोय केली आणि दोन्ही काठांवर सभागृहे व पाणपोया ठेवल्या. उन्हाळ्यात पायी निघालेल्या माणसाला जे जे लागते ते सगळे या एका लेखात आहे. त्रिरश्मीवर लेणे खोदतानाही त्याने शेजारी पाण्याची पोढी, म्हणजे कातळातले टाके, खोदून घेतले.

त्याहून मोलाची गोष्ट पुढच्या लेखात येते. उषवदाताने लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले: दोन हजार एकीकडे, महिना शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी स्पष्ट अट घातली. वर्षावासात तिथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, हा मोठ्या ठेवीचा हेतू. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने याच पद्धतीने कुलरिक, पाण्याची यंत्रे करणारे, तेली अशा श्रेणींकडे पैसे ठेवले आणि त्यातून त्रिरश्मीवरच्या आजारी भिक्षूंना औषध मिळावे अशी तरतूद केली. वास्तू बांधून हे दाते थांबले नाहीत. ती चालत राहील याचा पैसा कुठे ठेवला, किती दराने ठेवला आणि कशावर खर्च व्हायचा, हे त्यांनी सर्वांना दिसेल असे भिंतीवर कोरले.

दाते सगळ्या थरांतले होते. आठव्या लेण्यावर मुगूदास नावाच्या दासकाचे, म्हणजे मासेमारी करणाऱ्या माणसाचे, नाव आहे. त्याचे लेणे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या भव्य तिसऱ्या लेण्यापासून काही पावलांवर आहे.

सप्तशृंगी गडाच्या वाटेवरची नावे बऱ्याच पुढच्या काळातली. वणीकडून चढणाऱ्या जुन्या वाटेवर कातळात पायऱ्या आहेत. त्या नाशिकच्या कोन्हेर, रुद्राजी आणि कृष्णाजी या तीन भावांनी अठराव्या शतकात केल्याची नोंद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे, आणि त्यासाठी वाटेवरच्या शिलालेखांचाच आधार आहे. पठारावरच्या गावापासून देवीच्या गुहेपर्यंतच्या ४७२ पायऱ्या उमाबाई दाभाडे यांनी १७१० च्या सुमारास बांधल्या असे मानतात. उमाबाई सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी. पतीच्या मागे दाभाड्यांच्या सैन्याची धुरा त्यांनी स्वतः सांभाळली, हे इतिहासाला ठाऊक आहे. पण त्या माहेरच्या अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या होत्या, हे गडाच्या संदर्भात लक्षात ठेवायला हवे. अभोणे कळवण तालुक्यातलेच. लेकीने माहेरच्या देवीची वाट बांधली.

या पायऱ्या चढून गेल्यावर कड्यात कोरलेली अठरा हातांची सुमारे आठ फुटी देवी दिसते. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर शेंदराचे लेप चढत गेले होते. २०२२ मध्ये मंदिर काही आठवडे बंद ठेवून ते थर काढण्यात आले आणि नवरात्रात भाविकांना मूळ कोरीवकाम दिसले. गडाच्या पठारावर शिवालय, कालीकुंड, सूर्यकुंड अशी पाण्याची स्थाने आहेत. पायी येणाऱ्या यात्रेसाठी त्यांचे महत्त्व पायऱ्यांइतकेच होते. कोजागरीला कावडीतून नद्यांचे पाणी घेऊन येणारे कावडीवाले आजही गडावर गर्दी करतात.

त्र्यंबकेश्वरचे चित्र थोडे वेगळे आहे. नानासाहेब पेशव्यांनी सुरू केलेले काळ्या दगडाचे मंदिर पायथ्याला आहे. त्यामागच्या ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम, डोंगराच्या पोटात गंगाद्वार आणि गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना अनुग्रह दिल्याची आठवण सांगणारी गुहा. निवृत्तिनाथांची समाधीही त्र्यंबकातच असल्याने पौष वद्य एकादशीला राज्यभरातून दिंड्या इथे येतात. श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, लोक ब्रह्मगिरीची फेरी करतात. लहान फेरी वीस किलोमीटरच्या आसपास, मोठी त्याच्या दुप्पट. प्रयागतीर्थाहून निघून पहिन्याच्या बारीतून जाणारी ही वाट भर पावसात भाताच्या खाचरांमधून आणि ओढ्यांतून जाते. ब्रह्मगिरीवर चढणाऱ्या दगडी पायऱ्यांचा खर्च मात्र फार दुरून आला: १९०८ मध्ये कराचीच्या शेठ लालचंद जशोदानंद भंभाणी आणि शेठ गणेशदास यांनी चाळीस हजार रुपये खर्चून त्या बांधवल्या. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली होती आणि मुंबईहून येणाऱ्यांना नाशिक सोपे झाले होते. डोंगराची चढण उरली होती. ती सिंधी व्यापाऱ्यांनी सोपी केली.

वाटा सर्वांसाठी होत्या, दारे नव्हती. नाशिकच्या काळाराम मंदिराला रामशेजच्या डोंगरातला दगड लागला. तो फोडणारे आणि वाहणारे हात श्रमिकांचे होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य त्या मंदिराच्या दारात प्रवेशासाठी उभे राहिले. दादासाहेब गायकवाड यांनी हा सत्याग्रह पुढे काही वर्षे नेटाने चालवला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. मुगूदासाचे नाव ज्या शहराजवळ अठराशे वर्षांपूर्वी लेण्यावर कोरले गेले, त्याच शहरात मंदिराचे हे दार बंद राहिले. यात्रास्थळांचा इतिहास सांगताना हे पान गाळता येत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाट बांधण्याचे काम ट्रस्ट आणि शासनाकडे आले. नांदुरीहून गडावर घाटरस्ता झाला. त्या घाटात जानेवारी २००८ मध्ये बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक भाविक गेले. २०१८ मध्ये गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि गुडघे साथ न देणाऱ्या आजी-आजोबांना देवी जवळ आली. ती सोय खरोखर गरजेची होती.

आता अंजनेरी आणि ब्रह्मगिरी यांना जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्ताव आहे. अंजनेरी हे यादवकाळातल्या जैन मंदिरांचे गाव. इथल्या एका मंदिरातला शके १०६३ चा लेख दुकानांच्या उत्पन्नाचे दान नोंदवतो. डोंगरावर संवर्धन राखीव वन आहे, कड्यांत गिधाडे घरटी करतात आणि सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती या डोंगराचेच नाव मिरवते. गोदावरीचे पहिले झरे शेजारच्या ब्रह्मगिरीत आहेत. पर्यावरण अभ्यासकांनी या प्रकल्पाला विरोध केला आहे, आणि तो गांभीर्याने ऐकला पाहिजे. जुन्या दात्यांनी वाटेसोबत पाण्याचाही विचार केला होता. इथे तर वाटच पाण्याच्या मुळाशी जाते.

येत्या सिंहस्थासाठी त्र्यंबक आणि नाशिकमध्ये घाट, रस्ते, निवारे यांची कामे होत आहेत. त्यांच्या फलकांवर मंजुरीची रक्कम असेल, उद्घाटकांची नावे असतील. त्याच फलकांवर आणखी तीन ओळी हव्यात: पुढची पन्नास वर्षे देखभालीसाठी रक्कम कुठे ठेवली आहे, तिच्या उत्पन्नातून काय होणार आहे, आणि या कामाने कोणत्या झऱ्यावर, कुंडावर किंवा ओढ्यावर काय परिणाम होईल. नाशिक महापालिका, त्र्यंबक नगरपरिषद आणि मंदिरांचे ट्रस्ट यांनी मनावर घेतले तर सिंहस्थाच्या पहिल्या पर्वणीआधी हे सहज करता येईल.