केल्पचे अरण्य आणि छायाचित्राची साक्ष

१/ कॅलिफोर्नियाच्या समुद्रातील केल्पच्या अरण्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील. तळापासून पृष्ठभागापर्यंत उभे सोनेरी पट्टे, त्यांतून झिरपणारे ऊन, नारिंगी गॅरिबाल्डी मासे. हेच या समुद्राचे मूळ रूप, असे आपण मानून चालतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र विचारावे : ही साक्ष नेमकी कोणत्या काळाची?

२/ केल्प म्हणजे थंड समुद्रात खडकाला धरून वाढणारे महाकाय तपकिरी शैवाल. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, टिएरा डेल फ्युएगोच्या किनाऱ्यावर १८३४ मध्ये चार्ल्स डार्विनने त्याची तुलना उष्ण कटिबंधातील अरण्यांशी केली. त्यासाठी तो पाण्याखाली गेला नव्हता. केल्पची मुळांसारखी गुंतवळ वर काढून झटकली, की तीतून मासे, खेकडे, शिंपले बाहेर पडत. तेवढ्यावरून त्याने आतले जग ओळखले.

३/ छायाचित्रकार पाण्यात उतरला तो बराच नंतर. १८९३ मध्ये लुई बुताँ याने फ्रान्समधील बान्यूल्स येथे पाणबुड्याचा जड पोशाख चढवून समुद्रतळाची छायाचित्रे घेतली. पुढे १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी पाठीवरील हवेच्या टाकीचे ‘अ‍ॅक्वा-लंग’ सिद्ध केले. नौकेशी जोडलेल्या नळीतून सुटलेला माणूस आता केल्पमध्ये मोकळेपणी पोहू लागला.

४/ परंतु तोवर त्या अरण्याचा राखणदार जवळजवळ नाहीसा झाला होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत चीनच्या बाजारपेठेसाठी समुद्री पाणमांजरांची बेसुमार शिकार झाली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना संरक्षण मिळाले, तेव्हा फारच थोडी उरली होती. १९३८ मध्ये बिग सूरच्या किनाऱ्यावर सुमारे ५० पाणमांजरांचा कळप दिसला, तेव्हा लोक चकित झाले.

५/ पाणमांजर काटेरी अर्चिन खाते. अर्चिन केल्प कुरतडतात. १९७४ मध्ये एस्टिस व पाल्मिसानो यांनी पाणमांजरे असलेल्या आणि नसलेल्या अल्यूशियन बेटांची तुलना करून हे नाते दाखवून दिले. म्हणजे कॅलिफोर्नियातील पहिल्या स्कूबा-छायाचित्रकारांनी ‘मूळ’ म्हणून जो समुद्र टिपला, तो आधीच बदललेला होता.

६/ तरीही ती छायाचित्रे अमोल आहेत. २०१३ नंतर तारामासे रोगाने मेले, पाठोपाठ समुद्र तापला, आणि उत्तर कॅलिफोर्नियातील केल्पचे छत ९० टक्क्यांहून अधिक घटले. उपग्रहाला वरचे छत दिसते. त्याखाली कोण राहत होते, हे पाणबुडेच सांगू शकतात.

७/ मात्र छायाचित्रकार रम्य जागा निवडतो. उजाड खडकासाठी सहसा कोणी कॅमेरा उघडत नाही. म्हणून चित्र पाहताना चौकटीबाहेर काय राहिले, हेही विचारावे. आणि आपण स्वतः कधी पाण्याखाली कॅमेरा नेलात, तर तारीख, ठिकाण आणि खोली अवश्य नोंदवा. त्या तीन नोंदींविना सुंदर चित्र उरते, पुरावा उरत नाही.