पुनर्जन्माचे चक्र : दूरच्या संगणकावरील आराखडे

शाळेच्या संगणक कक्षातील एखाद्या साध्या यंत्रावर मुले 'टिंकरकॅड' उघडतात. ठोकळे जोडून, त्यांना भोके पाडून पेन ठेवायचे घर किंवा खेळण्याचे चाक तयार करतात. त्या यंत्रावर आराखड्याचा कोणताही खास प्रोग्राम बसवलेला नसतो. काढलेली आकृतीही तिथे साठत नाही. ती कुठे आहे असे विचारले, तर मुले सांगतात, "क्लाउडवर!" क्लाउड म्हणजे ढग. पण हा ढग जमिनीवरच असतो. दूरच्या कुठल्यातरी इमारतीत रांगेने मांडलेले, अखंड वीज खाणारे ते संगणक असतात.

संगणकाच्या मदतीने आराखडे काढण्याच्या तंत्राला 'कॅड' म्हणतात. ते दुरून वापरणे ही गोष्ट आपल्याला अगदी नवी वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागचा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे. कोणते काम आपल्याजवळ करायचे आणि कोणते दूरच्या संगणकावर सोपवायचे? या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली ते आपण पाहू.

एक संगणक, एक माणूस

१९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्राम प्रबंध म्हणून सादर केला. तो चालत असे लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या खोलीभर पसरलेल्या संगणकावर. प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवून रेषा काढायची. वेडावाकडा चौकोन काढला आणि 'या बाजू समांतर ठेव' अशी आज्ञा दिली, की आकृती आपोआप नीट होई. म्हणजे संगणकात नुसते चित्र नव्हते, त्या चित्रातील भूमितीचे संबंधही साठवलेले होते. आजच्या अनेक कॅड प्रोग्रामांचा हाच पाया आहे.

अडचण एकच होती. एवढे अवाढव्य यंत्र त्या वेळी एकाच माणसाच्या सेवेत अडकून पडे.

एक संगणक, अनेक माणसे

याच संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळेच्या वाटणीची पद्धत करून दाखवली होती. संगणक प्रत्येकाला क्षणभर वेळ देई आणि लगेच पुढच्याकडे वळे. हे इतक्या झपाट्याने होई, की प्रत्येकाला संगणक आपलाच वाटे. पाणी किंवा दूरध्वनीप्रमाणे गणनशक्तीही उद्या सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे जॉन मॅकार्थी यांनी त्याच वर्षी म्हटले होते. क्लाउडची कल्पना ती हीच.

पण आराखड्यांचे काम या पद्धतीला जड जाई. त्या काळच्या पडद्यावरील चित्र क्षणात विझे. ते टिकवायचे तर सेकंदाला अनेक वेळा पुन्हा काढावे लागे. मग सामाईक संगणकाने इतरांकडे पाहायचे कधी? म्हणून एमआयटीत एक खास पडदा-यंत्र बांधले गेले. रेषा काढण्याचे आणि आकृती फिरवून दाखवण्याचे काम त्यातील मंडलेच करत. एक गोळा हाताने फिरवला की पडद्यावरची आकृती फिरे. सायरस लेव्हिन्थाल यांनी त्यावर प्रथिनांच्या रेणूंचे आकार न्याहाळले.

१९६८ साली मायर आणि सदरलंड यांनी या प्रकाराविषयी एक मार्मिक लेख लिहिला. मुख्य संगणकाचा भार हलका करण्यासाठी पडद्याला थोडी बुद्धी द्यावी, मग आणखी थोडी द्यावी. असे करता करता पडदाच एक संगणक होऊन बसतो आणि त्याचा भार हलका करण्यासाठी पुन्हा नवे यंत्र लागते! या फेऱ्याला त्यांनी 'पुनर्जन्माचे चक्र' म्हटले. कॅडचा पुढचा इतिहास वाचताना हे शब्द ध्यानात ठेवावेत.

तारेवरून रेषा

१९७२ साली टेकट्रॉनिक्स कंपनीचे ४०१० हे टर्मिनल आले. त्याच्या पडद्यावर एकदा काढलेली रेषा पुसेपर्यंत तशीच राही. चित्र पुन्हा पुन्हा पाठवण्याची गरज संपली आणि दूरध्वनीच्या तारेवरूनही आराखडे काढता येऊ लागले.

थोडा हिशेब करू. एका बिंदूचा पत्ता सांगायला जास्तीत जास्त ४ अक्षरे लागत. त्या काळच्या साध्या मोडेमवरून सेकंदाला ३० अक्षरे जात. म्हणजे २,००० बिंदूंच्या आराखड्याला ८,००० अक्षरे आणि जवळजवळ साडेचार मिनिटे! शिवाय एकच रेषा खोडायची सोय नव्हती. सगळा पडदा पुसून चित्र पहिल्यापासून काढावे लागे.

संगणक घरी येतो

१९८२ साली ऑटोकॅड आले. ते टेबलावरच्या छोट्या संगणकावर चाले. तार नको, वाट पाहणे नको. आराखडा फ्लॉपीत घालून कपाटात ठेवता येई. चक्राचा एक फेरा पूर्ण झाला होता.

यातून नवीच अडचण उभी राहिली. एकाच यंत्रभागाच्या फायली पाच जणांकडे असत आणि प्रत्येकाने त्यात काही ना काही बदललेले असे. त्यातली खरी कोणती? चुकीच्या आवृत्तीवरून भाग कापला गेला तर धातू आणि मेहनत दोन्ही वाया.

पुन्हा दूर

२०११ साली वेबजीएल हे तंत्र आले आणि ब्राउझरला संगणकातील चित्र-चिप थेट वापरता येऊ लागली. जॉन हर्शटिक हे १९९५ साली बाजारात आलेल्या सॉलिडवर्क्सच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१५ साली 'ऑनशेप' लोकांपुढे आणले. यात आराखड्याची एकच प्रत दूरच्या संगणकावर असते आणि अनेक जण एकाच वेळी तिच्यावर काम करतात. भूमितीची आकडेमोड तिकडे होते. आपल्याकडे येतात ते पृष्ठभागाचे लहान लहान त्रिकोण. आकृती फिरवून दाखवण्याचे काम आपलाच संगणक करतो. साठच्या दशकातील त्या पडदा-यंत्राची वाटणी हीच होती!

दुसरा मार्ग आहे तयार चित्रच चित्रफितीसारखे पाठवण्याचा. १,९२० × १,०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात. ते सेकंदाला ३० वेळा पाठवायचे म्हणजे माहिती दाबून लहान करण्याखेरीज गत्यंतर नाही. आणि निसर्गाची मर्यादा वेगळीच. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. जाऊन येण्यातच सेकंदाचा आठवा भाग खर्च होतो. हात हलला आणि रेषा मागे राहिली, हे डोळ्यांना जाणवते. पैसा कितीही ओतला तरी प्रकाश धावेल त्याच वेगाने.

आराखडा कोणाचा?

मर्यादा केवळ वेगाची नाही. मार्च २०१३ मध्ये टिंकरकॅडच्या चालकांनी ही सेवा बंद करणार असल्याचे जाहीर केले. वापरणाऱ्यांना आपल्या आकृत्यांची चिंता पडली. त्याच वर्षी ऑटोडेस्क कंपनीने ती विकत घेतली आणि सेवा वाचली. पण धडा शिल्लक राहिला. आपल्या कपाटातली वस्तू आपण जपतो. दुसऱ्याच्या कपाटातली वस्तू त्याची मर्जी असेतोवरच असते. पुलाचा आराखडा पूल उभा असेपर्यंत लागतो, कंपनी तितकी टिकेलच असे नाही. म्हणून मुलांनी आकृती पूर्ण केली, की तिची एक प्रत शाळेच्या संगणकावर उतरवून घेण्याची सवय लावावी.

हा सारा इतिहास वर्गात अनुभवताही येईल. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. दोघांनाही आलेखाचा कागद द्या. पहिल्याने वर्तुळ काढून त्यावरील बिंदूंचे निर्देशक एकेक करून सांगावेत, दुसऱ्याने तसे बिंदू मांडावेत. मग तेच वर्तुळ केंद्र आणि त्रिज्या सांगून काढायला लावा. दोन्ही वेळी किती आकडे सांगावे लागले ते फळ्यावर लिहा. दुसऱ्या पद्धतीत आकडे इतके कमी का लागले, आणि त्यासाठी ऐकणाऱ्याला आधी काय ठाऊक असावे लागले, हे मुलांनाच विचारा.