सहा कुप्यांचा हिशेब

औषध पोटात घेतले की ते रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर साऱ्या शरीरात हिंडते. दुखणे एका जागी, औषध मात्र डोक्यापासून पायापर्यंत! म्हणून डोळे आले तर आपण डोळ्यांत थेंब घालतो, खरचटले तर मलम लावतो. आतल्या अवयवांपर्यंत असे थेट पोचणे अवघड. मूत्राशय हा मात्र आत असूनही बाहेरून वाट असलेला अवयव आहे. या वाटेने औषध घालण्याच्या इतिहासात आपल्या सर्वांच्या ओळखीची एक लसही येते.

कल्पना जुनीच आहे. मूत्रमार्गातून औषधी तेल किंवा काढा आत सोडण्याचा 'उत्तरबस्ती' हा उपचार सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. नळीचे भोक मोहरीचा दाणा जाईल एवढे असावे, इतका बारीक तपशील तिथे आहे. औषध भरायची पिशवी म्हणजे जनावराचे मूत्राशय. संस्कृतात मूत्राशयाला 'बस्ती' म्हणतात, त्यावरून उपचाराचेही तेच नाव पडले. उपचाराच्या गुणाबद्दल आम्ही इथे काही म्हणत नाही. वाट तेव्हाच ओळखली गेली होती, एवढेच सांगायचे आहे.

मूत्राशयाचे आतले अस्तर विलक्षण घट्ट असते. तसे ते असावेच लागते, नाहीतर मूत्रपिंडांनी गाळून काढलेला युरिया आणि क्षार पुन्हा रक्तात झिरपले असते. याचा फायदा असा, की आत घातलेले औषध बरेचसे आतच राहते. अगदी लहान रेणू मात्र निसटतात. १९६१ साली थायोटेपा हे कर्करोगाचे औषध मूत्राशयात वापरल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचा रेणुभार १८९. ते रक्तात उतरे आणि काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटत. पुढे वापरात आलेल्या मायटोमायसिनचा रेणुभार ३३४. ते रक्तात फारच थोडे जाते.

पण मुळात औषध हवे कशाला? मूत्राशयाच्या अस्तरावर उगवणाऱ्या कर्करोगाच्या गाठी फार चिवट. १९१० साली न्यूयॉर्कच्या एडविन बीअर यांनी मूत्रमार्गातून दुर्बीण आत घालून विजेने गाठ जाळण्याची रीत दाखवली. पोट फाडण्याचे टळले. मात्र गाठ जाळावी आणि काही महिन्यांनी शेजारी दुसरी उगवावी, असे वर्षानुवर्षे चाले. रोग खोल गेला की मूत्राशयच काढून टाकायचे आणि रुग्णाने बहुधा जन्मभर पोटावर लघवीची पिशवी बाळगायची.

आता त्या लसीकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा वण आहे. फ्रान्समधील लील येथे काल्मेट आणि गेरँ यांनी गाईच्या क्षयाचा जंतू पित्त आणि ग्लिसरीन घातलेल्या बटाट्यावर वाढवला. १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे तो २३० वेळा नव्याने रुजवला, तेव्हा त्याचा जहालपणा गेला. हीच बीसीजी.

क्षय आणि कर्करोग यांचा संबंध कोणी जोडला? १९२९ साली अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनांच्या नोंदी चाळून असे मांडले, की क्षय झालेल्यांत कर्करोग कमी दिसतो. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी त्यांच्या तुलनेतला दोष दाखवला. पुरावा कच्चा, पण विचार टिकला! १९५९ साली लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांत बीसीजीमुळे गाठींना विरोध होतो असे दाखवले. १९६६ मध्ये गिनीपिगवरच्या प्रयोगांत असे दिसले, की बीसीजीला त्वचा जशी प्रतिकाराची प्रतिक्रिया देते तशीच मूत्राशयही देते. गाठ लहान असावी आणि जंतूंचा तिच्याशी थेट संपर्क यावा, ही अटही प्राण्यांवरच्या कामातून पुढे आली. मूत्राशयात दोन्ही गोष्टी जमत होत्या.

कॅनडातील किंग्स्टन येथे अल्वारो मोरालेस आणि सहकाऱ्यांनी हे रुग्णांवर करून पाहिले आणि १९७६ साली प्रसिद्ध केले. १२० मिलिग्रॅम बीसीजी ५० मिलिलिटर मिठाच्या पाण्यात कालवून नळीने मूत्राशयात सोडायची, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आठवड्याचे अंतर अशासाठी, की लघवीची जळजळ आणि ताप तेवढ्यात ओसरत. आणि सहाच का? माँट्रियलहून येणारी लस सहा कुप्यांच्या पॅकिंगमध्ये येई, म्हणून!

वर्गात फळ्यावर मांडावे असे एक गणित इथे आहे. रुग्ण नऊच. उपचारापूर्वी त्यांचे मिळून ७७ महिने पाहिले, तर गाठी २२ वेळा उलटल्या. उपचारानंतर ४१ महिन्यांत एकदाच. महिन्याचा दर काढला तर तो सुमारे बारा पटींनी उतरलेला दिसेल. विद्यार्थ्यांना मात्र लगेच विचारावे, की नऊ माणसांवरून असे म्हणता येते का, आणि ज्यांना लस दिली नाही अशांचा गट कुठे आहे? हा प्रश्न तेव्हाच्या डॉक्टरांनाही पडला. डोनाल्ड लॅम यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून १९८० मध्ये तुलना प्रसिद्ध केली; तीही लसीच्या बाजूने गेली. १९९० साली अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली.

जंतू गाठीला नेमका कसा मारतो याची सगळी उकल अजून झालेली नाही. तो अस्तराला चिकटतो, पेशींत शिरतो, पांढऱ्या पेशींची झुंबड उडते, एवढे नक्की. रुग्णाने औषध सुमारे दोन तास धरून ठेवायचे. आधी पाणी कमी प्यायचे, नाहीतर लघवीने ते पातळ होते. जंतू जिवंत असल्याने नंतर काही तास शौचकुपात ब्लीच टाकावे लागते. आणि आत ताजी जखम असेल तर ही लस मुळीच द्यायची नाही. घट्ट अस्तर हीच तिची राखण. ते फाटले की जंतू रक्तात जातो.

२०१२ साली कॅनडातील एका कारखान्यात पुराचे पाणी शिरले आणि पुढे जगभर या लसीचा तुटवडा पडला. मूत्राशयासाठीची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते.

तुटवडा असला की डोस कमी करता येतील का, असे कोणालाही वाटेल. युरोपात तशी चाचणी झाली. सहाऐवजी तीनच वेळा, म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात लस दिली, पुढच्या देखभालीचे डोसही घटवले. या गटात गाठी उलटण्याचे प्रमाण इतके वाढले, की नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पॅकिंगवरून ठरलेला सहाचा आकडा कायम राहिला.