अजिंठ्याच्या भिंतीपुढील विद्यार्थी : मुंबईच्या कलाशाळेतील एका अनुदानित संशोधनाचा इतिहास

पदवी वर्गातील विद्यार्थ्याला संशोधनाकरिता द्रव्यसाहाय्य द्यावे ही कल्पना आपल्याकडे अगदी अलीकडची समजली जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान दिले. त्यापूर्वीही महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या 'आविष्कार' या संशोधन-स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यांकरिता स्वतंत्र पातळी आणि भाषा व ललितकला यांना सामावून घेणारा स्वतंत्र गट होताच. तथापि चित्रकला, मुद्रणकला, वस्त्रालंकरण, वास्तुरेखन या शाखांतील विद्यार्थी जेव्हा आपला प्रकल्प घेऊन पुढे येतो, तेव्हा त्याला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो : चित्र काढणे हे संशोधन कसे? रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला नळीत काय आहे हे विचारतात, नळी कशासाठी हे विचारीत नाहीत. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला मात्र प्रथम स्वतःच्या अस्तित्वाचे समर्थन करावे लागते.

या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर देण्याचे प्रस्तुत लेखात योजिलेले नाही. महाराष्ट्रात असे संशोधन सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सरकारी खर्चाने प्रत्यक्ष झालेले आहे; ते कसे झाले, त्यातून काय निष्पन्न झाले आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. परंतु विद्यापीठाच्या पदव्यांत चित्रकलेला दीर्घकाळ जागा नव्हती. त्यामुळे या शाळेतील मुलांना आजच्या अर्थाने पदवीचे विद्यार्थी म्हणता येणार नाही. मात्र वय, शिक्षणाची पायरी आणि शिक्षकाशी असलेले नाते या तिन्ही दृष्टींनी ते त्याच वर्गातील होते, आणि आपल्या विवेचनास तेवढे पुरे आहे.

शाळेबाहेर जाऊन सरकारी द्रव्यावर प्राचीन वास्तूची नोंद करण्याचा आरंभीचा उल्लेखनीय प्रसंग अंबरनाथचा. १८६८ मध्ये कलाशाळेतील शिक्षक टेरी हे विद्यार्थी व साचेकार यांना घेऊन कल्याणजवळच्या त्या शिवालयात गेले. तेथे त्यांनी मापे घेऊन आराखडे केले, शिल्पांचे साचे काढले, छायाचित्रेही घेतली. शिलाहार राजा मांवाणी याच्या काळचा शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा कालनिर्देश असलेला लेख याच देवळातला. जेम्स बर्जेस यांनी १८७४ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त या देवळाचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्याच्या मुळाशी या कलाशाळेच्या तुकडीने केलेले काम होते. आज ज्याला आपण क्षेत्रीय नोंद म्हणतो ती हीच. ती करणारे हात विशीच्या आतबाहेरचे होते हे मात्र वृत्तान्त वाचणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

अजिंठ्याचे काम याहून कितीतरी मोठे. १८१९ साली मद्रास फौजेतील जॉन स्मिथ याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे चाळिशीच्या दशकात रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्याची चित्रांच्या प्रती करण्याच्या कामावर नेमणूक झाली आणि सुमारे दोन दशके तो तेथे खपला. त्याने केलेल्या प्रती लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागून त्यांपैकी जवळजवळ सर्व जळाल्या. एका माणसाच्या वीस वर्षांची ती राख होती. या नाशामुळे काम पुन्हा करणे भाग पडले, आणि या वेळी ते एका व्यक्तीऐवजी एका शाळेकडे आले.

कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे १८६५ मध्ये मुंबईस आले होते. लॉकवुड किपलिंग त्यांचे सहाध्यापक. ग्रिफिथ्स यांच्या योजनेला सरकारी मंजुरी मिळून १८७२ पासून १८८५ पर्यंत, थंडीच्या दिवसांत, त्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांची तुकडी अजिंठ्यास जात राहिली. लेणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती; तेव्हा मुंबई इलाख्याची ही मुले एका अर्थी परमुलखातच काम करीत होती. अंधाऱ्या विहारात प्रकाश पुरेसा नसे, आणि भिंतीवर धूर, काजळी व वटवाघुळांची घाण यांचा थर होता. अशा स्थितीत एकूण सुमारे तीनशे पट रंगवून तयार झाले. तुकडीचे प्रमुखत्व ज्याच्याकडे होते तो पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) पुढे पारशी कुटुंबजीवनाचा नामांकित चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे काम नक्कल होते की संशोधन? 'नक्कल' हा शब्द आपण अरबीतून घेतला आणि त्याला दोन अर्थ दिले : कागदपत्राची प्रत ती नक्कल आणि नटाने केलेली थट्टा तीही नक्कल. दुसऱ्या अर्थाची हलकी छटा पहिल्यावर नकळत चढते, म्हणून नकलणाऱ्याला विचार करावा लागत नाही असा समज होतो. पण हस्तलिखितांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा समज मान्य होणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिचा सारा डोलारा प्रत पाहणे, पाठ नोंदणे आणि जेथे अक्षर गेले आहे तेथे ते गेले आहे असे प्रामाणिकपणे सांगणे, या शिस्तीवर उभा आहे. 'संशोधन' या शब्दाचा जुना अर्थही शुद्ध करणे, तपासून दुरुस्त करणे असाच आहे. नव्या गोष्टीचा शोध हा अर्थ त्यावर मागाहून बसला.

अजिंठ्याच्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यापुढे नेमकी हीच अडचण होती. एका आकृतीचा चेहरा शाबूत आहे, खांद्याचा गिलावा पडला आहे, हाताची बोटे पुन्हा दिसतात. मधला खांदा काढावयाचा की नाही? काढला तर चित्र सुंदर होईल आणि पुरावा बिघडेल. या तुकडीच्या उपलब्ध प्रती पाहिल्या तर त्यांत पडलेल्या गिलाव्याचे डाग, भेगा, ओसाड जागा चित्रित केलेल्या दिसतात. ज्या मुलाला वर्गात पूर्ण, घोटीव, छायाप्रकाशयुक्त आकृती काढण्याचे शिक्षण मिळत होते, त्याने येथे आपला हात आवरून त्रुटीला त्रुटी म्हणून रंगविले. माझ्या मते संशोधनवृत्तीचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही. पाठ-संपादक त्रुटित स्थळी टिंबे देतो. येथे त्या टिंबांना रंग आहे, एवढाच फरक.

याचा अर्थ कामात दोष नव्हते असा नाही, आणि ते झाकण्यात स्वारस्यही नाही. मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावरील पातळ चुनेरी लेपावर चिकट द्रव्यात कालविलेल्या रंगांची; प्रती मात्र तैलरंगात, कापडावर. माध्यम बदलले की रेषेचा स्वभाव बदलतो. अजिंठ्याची रेषा वाहती आहे, तैलरंगाने ती जड होते आणि आकृतीला मूळात नसलेली गोलाई येते. याहून गंभीर दोष म्हणजे चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढविण्यात आले. ते पुढे पिवळे पडले, काळवंडले, आणि ज्याची नोंद करावयाची त्यालाच नोंदीने इजा केली. ते काढण्यासाठी हैदराबाद संस्थानाला १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणावे लागले. अशा प्रकल्पाला पैसा देणाऱ्याने पद्धतीविषयी आधी प्रश्न विचारले पाहिजेत याचे हे उदाहरण आहे. परंतु भिंतीवर काय लावावयाचे हा निर्णय विद्यार्थ्यांचा नव्हता, हेही विसरता येत नाही.

सरकारने पैसा दिला तो कशासाठी, याकडेही पाहिले पाहिजे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीत वाढलेल्या ग्रिफिथ्स यांना अजिंठ्यात नक्षीचे भांडार दिसले. छतावरील वेली, हंस, कमळे, फळे यांतून हिंदी विद्यार्थ्याला देशी वळणाचे नमुने मिळतील असा त्यांचा युक्तिवाद होता. तो व्यर्थ गेला नाही; कलाशाळेच्या कुंभकाम विभागातून निघालेल्या झिलईच्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी उतरली आणि ती भांडी युरोपातही गेली. येथे भाषेच्या अभ्यासकाला एक गंमत वाटते. मराठीत 'लेणे' हा शब्द दोन आहे. डोंगरात कोरलेले लेणे संस्कृत 'लयना'पासून आले. नाशिकच्या कोरीव लेखांत ते प्राकृत 'लेण' या रूपाने येते. अंगावरचे लेणे, म्हणजे दागिना, हा निराळा शब्द. दोघांची वाटचाल वेगळी, पण उच्चार एक झाला. ग्रिफिथ्स यांना मराठीतील हा श्लेष ठाऊक असण्याचा संभव कमीच. त्यांच्या योजनेने मात्र पहिल्या लेण्याकडे दुसऱ्या लेण्याची खाण म्हणूनच पाहिले. जातककथा, वेशभूषा, वाद्ये, गृहरचना यांचा जो अभ्यास त्या प्रतींतून होऊ शकला असता, तो त्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षितच नव्हता.

आणि प्रती गेल्या कोठे? लंडनला. १८८५ च्या जूनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक नष्ट झाल्या. गिलच्या प्रतींची जी गत झाली तिचीच ही पुनरावृत्ती. एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा अजिंठा इंग्लंडात जळला. उरलेल्यांपैकी १६६ आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६–९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्याचे मोल मोठे आहे, कारण जळालेल्या आणि पुढे भिंतीवरूनही नाहीशा झालेल्या भागांचा आधार आता त्यातच सापडतो. मात्र ग्रंथ सामान्यतः 'ग्रिफिथ्सचा अजिंठा' म्हणून ओळखला जातो, आणि त्या नावात षष्ठीचा प्रत्यय जरा जास्तच ओझे वाहतो.

याच्याशी दुसऱ्या एका मोहिमेची तुलना करण्यासारखी आहे. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्यास आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा हे तरुण होते, आणि हैदराबादेहून सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन. हे सारे नावांनिशी इतिहासात आहेत. हालदारांनी तर थोड्याच वर्षांत अजिंठ्यावर बंगालीत पुस्तक लिहिले, आणि नंदलाल बोसांच्या पुढील कामात अजिंठ्याची रेषा अखेरपर्यंत वाहत राहिली. मुंबईची तुकडी तेरा वर्षे राबली, बंगालचे तरुण त्या मानाने अल्पकाळ. तरी फळ तिकडे अधिक आले. याचे कारण बंगाली प्रतिभेत शोधण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. मुंबईच्या विद्यार्थ्याकडून हाताचे काम घेतले गेले आणि कामाचे फळ त्याच्या नजरेआड नेले गेले. बंगालचे तरुण आपण पाहिलेले स्वतःचे मानून, आपल्या भाषेत बोलून, आपल्याबरोबर घेऊन गेले. अवनींद्रनाथांसारखा गुरू आणि स्वदेशीचा काळ यांचा वाटा आहेच. पण अनुदानाच्या रचनेचाही आहे.

मुंबईच्या शाळेत पुढे असा दुसरा प्रयोग झाला तो ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या अमदानीत. १९२० च्या सुमारास सरकारी शिष्यवृत्त्या देऊन भित्तिचित्रांचा वर्ग सुरू झाला. १९२४ च्या वेम्ब्ली प्रदर्शनातील सजविलेले दालन आणि नंतर नव्या दिल्लीच्या सचिवालयातील चित्रे हे या वर्गाचे काम. ते निर्मितीचे होते, नोंदीचे नव्हे. म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. शाळेच्या अंतर्गत जीवनाचे विद्यार्थ्याच्या व शिक्षकाच्या नजरेतून मराठीत चित्रण मिळते ते रावबहादुर धुरंधरांच्या 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या १९४० च्या पुस्तकात. धुरंधर १८९० मध्ये शाळेत आले, म्हणजे अजिंठ्याचे काम आटोपल्यावर.

हा सारा इतिहास आजच्या अनुदानाला कसा लागू पडतो हे पाहण्यास अजिंठ्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात गोदावरीकाठी पुणतांबे आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावरून जाणारे शिर्डीचे प्रवासी ते स्थानक ओळखतात. २०१७ च्या शेतकरी संपामुळे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांनाही ते नाव परिचित झाले. ज्ञानदेवांनी ज्यांना पासष्ट ओव्या लिहून पाठविल्या त्या चांगदेवांची समाधी येथे दाखवितात, आणि नदीवर अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे. गावाचे नाव 'पुण्यस्तंभा'वरून आले असे सांगतात. 'स्तंभा'चे मराठीत 'खांब' होते, 'थांब'ही संभवते, 'तांबा' होण्यास मात्र महाप्राणाचा लोप मानावा लागतो. तेव्हा ही व्युत्पत्ती श्रद्धेने ऐकावी व सावधपणे लिहावी. असो. अशा गावातील घाटाच्या पायऱ्या, दगडी कोनाडे, देवळांच्या चौकटी, जुन्या वाड्यांचे लाकूडकाम यांची मापे घेऊन रेखाटने करणे हे कलाशाखेच्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे एका हिवाळ्याचे काम आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. प्रवासखर्च, कागद, मापाची फीत आणि राहण्याची सोय एवढे पुरते.

मात्र अनुदानाच्या अटी लिहिताना अंबरनाथ आणि अजिंठा समोर ठेवावेत. जे पडले आहे ते पडलेलेच दाखवावयाचे आणि दगडाला हात लावावयाचा नाही, ही पहिली अट. प्रत्येक पत्रावर ते काढणाऱ्याचे नाव व तारीख असावी. 'मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली' एवढ्यावर भागवू नये. विद्यार्थ्याने आपण काय पाहिले हे स्वतःच्या भाषेत, गावकरी घाटाच्या प्रत्येक भागाला जे शब्द वापरतात त्या शब्दांसह लिहून द्यावे. आणि पत्रांचा एक संच विद्यापीठात राहिला तरी दुसरा पुणतांब्यातच, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कपाटात राहावा.