भुईफोड, छत्राक आणि रोयणी अळमी : नावांतून दिसणारा एक इतिहास

जी संस्था काल नव्हती आणि आज एकाएकी उभी राहिली, जिला पाळेमुळे नाहीत, तिला मराठीत आपण भुईफोड म्हणतो. मुळात हे अळंब्याचे एक जुने नाव होय. पावसाळ्यात एका रात्रीत वर आलेली पांढरी छत्री पाहून बोलणाऱ्याच्या मनात जे आले तेच ह्या शब्दात उतरले. निरीक्षण अचूक आहे; त्यावरून लाक्षणिक अर्थाने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा. डोळ्यांना दिसते ती छत्री म्हणजे केवळ फळ. खरा देह म्हणजे मातीत, कुजत्या लाकडात किंवा झाडांच्या मुळांभोवती पसरलेले तंतूंचे जाळे, आणि ते कित्येकदा वर्षानुवर्षे तेथे नांदत असते. तेव्हा पाळेमुळे नसल्याचा आरोप ज्या वस्तूवरून रूढ झाला, तिच्याइतके खोलवर गुंतलेले जंगलात दुसरे फारसे काही नसावे.

प्रस्तुत लेखात वनस्पतिशास्त्रीय विवेचन करण्याचा हेतू नाही. खरे म्हणजे 'वनस्पतिशास्त्रीय' हा शब्दही येथे आता चालणार नाही, कारण व्हिटेकर यांनी १९६९ साली कवकांना वनस्पतींहून वेगळी सृष्टी मानले व ते मत पुढे मान्य झाले. येथे प्रश्न नावांचा आहे. ह्या नावांनी कोणते ज्ञान सांभाळले आणि कोणते सोडून दिले, एवढेच पाहावयाचे आहे.

संस्कृत वाङ्मयात ह्याविषयी दोन भिन्न दृष्टी आढळतात. धर्मशास्त्राची दृष्टी निषेधाची. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण व कांदा यांच्या पंक्तीत 'कवक' येते. त्याच अध्यायात पुढे जाणूनबुजून 'छत्राक' खाणारा द्विज पतित होतो असे सांगितले आहे. आणि सहाव्या अध्यायात वानप्रस्थालाही जमिनीवर उगवणारी कवके वर्ज्य ठरविली आहेत. हा शेवटचा निषेध विशेष लक्षणीय वाटतो. अरण्यात राहून कंदमुळांवर निर्वाह करणाऱ्यास ती सहज मिळत असली पाहिजेत आणि ती खाण्याचा मोहही होत असला पाहिजे. जे कोणी खातच नाही त्याला मनाई करण्याचे कारण पडत नाही.

वैद्यकाची दृष्टी निराळी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'उद्भिद' शाकांचे पाच प्रकार दिले आहेत : पेंढ्यावर उगवणारे, उसावर उगवणारे, शेणावरचे, वेळूवरचे आणि जमिनीतले. प्रत्येकाचे गुण वेगळे सांगितले असून जमिनीतल्याचा अनुरस त्या त्या मातीप्रमाणे बदलतो असे म्हटले आहे. येथे वर्गीकरणाचे तत्त्व आकार नव्हे, रंग नव्हे, तर आश्रय होय. कोण कशावर वाढते, हे आजच्या कवकशास्त्रातही पहिल्या प्रश्नांपैकी एक आहे. चरकाने दुसरी एक गोष्ट केली. बहुतेक छत्रजाती मधुर, जड, शीत व पडसे आणणाऱ्या आहेत असे सांगताना त्याने 'सर्पच्छत्रक' तेवढे वेगळे काढले. मनूने सर्वांना एका शब्दात गोळा केले. वैद्यांनी शब्द वाढविले. 'उद्भिद' आणि 'भुईफोड' यांचा अर्थ जवळजवळ एकच आहे हे येथे सहज ध्यानात येईल. पण एकाला दुसऱ्याचा अनुवाद मानण्याची आवश्यकता नाही. एकच दृश्य दोनदा पाहिले गेले.

कवींना खाण्यापिण्याची चिंता नव्हती. कालिदासाने मेघदूतात मेघाच्या गर्जनेने पृथ्वीवर शिलींध्रे उगवतात व ती सफल होते असे वर्णिले आहे. गडगडाट आणि अळंबी यांचा हा संबंध केवळ आपल्याकडचा नाही. ग्रीक लेखक प्लुटार्क यानेही मेघगर्जनेने भूकंद उपजतात ह्या समजुतीची चर्चा केली आहे.

मराठीत ह्यांपैकी एकही शब्द घरगुती झाला नाही. रूढ झाला तो 'अळंबे', ज्याचे कन्नड 'अणबे' व तुळू 'अळंबु' यांच्याशी साम्य उघड आहे. हा शब्द मूळचा नपुंसकलिंगी, अनेकवचन 'अळंबी'. पण हल्ली 'ही अळंबी' असा स्त्रीलिंगी एकवचनी प्रयोग सर्रास होतो. एकटेदुकटे न उगवता थव्याने उगवणाऱ्या वस्तूचे अनेकवचनच अधिक कानांवर पडते आणि तेच पुढे एकवचन होऊन बसते. जी खावयाची नाहीत त्यांना 'कुत्र्याची छत्री' म्हणून बाजूला सारले. हीसुद्धा चरकाचीच पद्धत. सर्पाच्या जागी कुत्रा आला इतकेच.

परंतु सर्वांत अर्थपूर्ण नाव कोंकणीत आहे. गोव्यात श्रावणाच्या सुमारास जी अळंबी पानांत बांधून विकावयास येतात, त्यांना 'रोयणी अळमी' म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. ह्याच वारुळाच्या रूपात गोव्यात व दक्षिण कोकणात सांतेरी देवीची पूजा होते. हे नाव केवळ ठिकाण सांगत नाही, तर एक नाते सांगते. वारुळातील वाळवी लाकूड व पाचोळा खाऊन आपल्या विष्ठेचे सच्छिद्र पोळे रचते. त्यावर एक कवक वाढते, लाकडातील कठीण द्रव्ये पचनास सुलभ करते, आणि वाळवी ते पोळे पुन्हा खाते. पावसाळ्यात ह्याच पोळ्यातून लांब मुळासारखा देठ माती भेदून वर येतो. युरोपीय विद्वानांपैकी ट्रांकेबार येथील वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ कोनिग याने १७७९ साली तंजावर प्रांतातील वाळवीविषयी लिहिताना, आणि स्मीथमन याने १७८१ साली आफ्रिकेतील वाळवीविषयी लिहिताना, ह्या पोळ्यांवरील कवकाची नोंद केली. रॉजे हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने १९४२ साली ह्या प्रजातीला 'टर्मिटोमायसीस', म्हणजे वाळवीचे कवक, असे नाव दिले. अळमी विकणारी बाई जे दोन शब्दांत म्हणते तेच त्याने ग्रीक-लॅटिनात म्हटले.

ह्याच हाइम यांनी वॉसन यांच्यासमवेत १९७० साली संताळांच्या 'पुटका' नामक कवकावर एक निबंध प्रसिद्ध केला. संताळीत नामांचे सजीव व निर्जीव असे दोन व्याकरणिक वर्ग असून वनस्पतींची नावे निर्जीव वर्गात पडतात. पुटका मात्र सजीव वर्गात. भाषेच्या अभ्यासकाला हा अपवाद विचार करावयास लावतो. सोम म्हणजे एक कवकच होय, हा वॉसन यांचा १९६८ सालचा सिद्धान्त ब्रो यांच्यासारख्या संस्कृतज्ञांनी खोडून काढला, आणि ते योग्यच झाले. पण पुटक्याची नोंद त्या वादात झाकली जाऊ नये.

आधुनिक मराठीस परिभाषेची गरज पडली तेव्हा आपण 'कवक' निवडले, म्हणजे नेमका मनूचा सरसकट शब्द. शास्त्रासाठी सर्वसमावेशक संज्ञा हवीच, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की, आश्रय सांगणारी बोलींतील नावे परिभाषाकोशांत उतरविण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. ही नावे निर्दोष आहेत असे नव्हे, आणि ती जेथे घडली त्या भूमीबाहेर त्यांचा भरवसा धरता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात विषारी अळंबी खाऊन १३ माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांवरील लोक बहुसंख्य होते. अमॅनिटा वर्गातील सर्वांत घातक अळंब्यांचे विष शिजविल्याने जात नाही. लक्षणे दिसावयास सहा ते बारा तास किंवा अधिक लागतात, आणि तोवर यकृतावर आघात सुरू झालेला असतो. चवीवरून वा वासावरून ते ओळखता येत नाही.

रोयणी अळम्याच्या बाबतीत संकट उलट दिशेचे आहे. न उमललेल्या कळ्या बाजारात हव्या असतात. पण ह्या प्रजातीच्या बहुतेक जातींत नव्या वसाहतीतील वाळवी आपले कवक उमललेल्या छत्रीतून गळालेल्या बीजाणूंपासूनच मिळविते. कळीच खुडली तर बीजाणू कोठून यावेत? अभयारण्यातून परवान्याशिवाय वनोपज काढण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. पण वारुळे अभयारण्याबाहेर, बागायतीत व गावाच्या बांधावरही असतात, आणि घरासाठी जमीन सपाट करताना ती प्रथम जातात. धिंगरीप्रमाणे हे अळंबे पेंढ्याच्या पिशवीत सर्रास पिकविले जात नाही. त्याला वाळवी लागते. सावंतवाडीपासून काणकोणपर्यंत एकेका गावी ह्या अळम्यांची किती नावे आहेत आणि प्रत्येक नाव कोणत्या मातीशी, कोणत्या नक्षत्राशी बांधलेले आहे, ह्याची टिपणे आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका पावसाळ्यात करता येतील. सांगणाऱ्या स्त्रिया अजून बाजारात बसतात.